मुद्दाम हरणारा डेक कशाला बनवायचा? एका ताईंच्या पत्राला इंदूरहून उत्तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांत एका ताईंचं पत्र आलं होतं. मुलगा कॉलेजात आहे, मोबाईलवर पत्त्यांचा कुठलातरी गेम खेळतो आणि सध्या वहीत आकडे मांडून बसलाय की साठवलेल्या डस्टमधून, म्हणजे गेममधल्या पत्ते बनवायच्या चलनातून, जिंकणारा डेक (पत्त्यांचा जोड) बनवायचा की मजेचा पण कमजोर. ताईंची तक्रार दुहेरी होती, एक म्हणजे हा जुगार आहे, आणि दुसरी म्हणजे जुगारच खेळायचा तर निदान जिंकायला तरी खेळावं ना, मुद्दाम हरणारं काहीतरी कशाला बनवायचं. दुसरं वाक्य वाचून मला हसूच फुटलं कारण हे अगदी खऱ्या आईचं वाक्य आहे. पण तुम्ही ते पत्र ज्या मथळ्याखाली छापलंत, 'व्यसनाचा विळखा' वगैरे, ते काही पटलं नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय. जागा नसेल तर कापा, फक्त आकडे तेवढे कापू नका कारण सगळं त्यांच्यावरच आहे.

मी इंदूरचा, रामबागेत राहतो, दवा बाजारात एका होलसेलरकडे हिशेब बघतो. तुमचा पेपर इकडे ई-पेपरवर वाचतो, सकाळी पोहे-जिलबी समोर असते तेव्हा. आणि हो, पन्नाशीला आलेला माणूस असून हा गेम मी स्वतः बरीच वर्षं खेळतोय, घरच्यांना आता त्याचं काही वाटत नाही. ताईंनी गेमचं नाव दिलं नव्हतं पण डस्ट, लेजेंडरी, क्राफ्ट हे शब्द वाचले आणि समजलं की हा हार्थस्टोनच. ब्लिझार्ड कंपनीचा गेम, २०१४ मध्ये आला, आणि त्यानंतर निघालेल्या अशा बऱ्याच गेमनी थोड्याफार फरकानं हीच डस्टची पद्धत उचलली, त्यामुळे मुलगा दुसरं काही खेळत असेल तरी हिशेब फार बदलणार नाही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. आपल्या मेंढीकोटात किंवा बदाम सातमध्ये एकच जोड असतो, पिसायचा, वाटायचा, आणि जे येईल ते आपलं नशीब. इथे तसं नाही. इथे प्रत्येकजण घरून स्वतःचा ३० पत्त्यांचा जोड निवडून आणतो, त्याला डेक म्हणतात, एक पत्ता जास्तीत जास्त दोनदा घेता येतो आणि लेजेंडरी असेल तर एकदाच (कॉमन, रेअर, एपिक, लेजेंडरी असे दुर्मिळतेचे चढते दर्जे आहेत). समोरच्याचे ३० प्राण संपवायचे. पत्ता खेळायला माना, म्हणजे एक प्रकारची ताकद, लागतो, तो पहिल्या टर्नला एक, दुसऱ्या टर्नला दोन, असा दहापर्यंत वाढतो, म्हणजे नऊ मानाचा भारी पत्ता साधारण नवव्या टर्नलाच खेळता येतो. हा नववा टर्न लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

आता जुगाराचं. ताईंची भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकायचे गेम बंद झाले, रमीचे ते ॲप वगैरे, जे आमच्या बाजारातल्या पोरांनी रात्ररात्र जागून खेळलेत आणि त्यात पगार घालवलेत. हार्थस्टोनमध्ये पैसे बाहेर काढायची सोयच नाही, पत्ता विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, डस्टचे रुपये होत नाहीत. त्यामुळे त्या अर्थानं हा जुगार नाही. पण यात पॅक असतात. एका पॅकमध्ये पाच पत्ते, त्यातला किमान एक रेअर किंवा त्याच्या वरचा, बाकी काय निघेल ते आधी कळत नाही, आणि हे पॅक खरे रुपये देऊन घेता येतात. बेल्जियमच्या गेमिंग कमिशननं २०१८ मध्ये अशा बंद पेट्यांच्या धंद्याला सरळ जुगार ठरवलं होतं, आणि मला त्यात फार चुकीचं वाटत नाही. म्हणून ताई, तुमचं कार्ड जर त्याच्या फोनला जोडलेलं असेल ना तर ते आजच काढा, त्यावर माझं काही दुमत नाही.

पण गंमत बघा, तुमचा मुलगा जे करून राहिलाय ते नेमकं याच्या उलट आहे. तो पॅक फोडत नाहीये, तो क्राफ्ट करतोय. क्राफ्टमध्ये नशीब नाही. हा पत्ता हवा, ही त्याची किंमत, दिली, मिळाला. या अख्ख्या गेममध्ये जुगाराचा अंशही नसलेली एकच जागा आहे आणि पोरगं तिथे वही घेऊन बसलंय, आणि आपण त्यालाच धरून राहिलो.

किमती अशा आहेत. कॉमन पत्ता बनवायला ४० डस्ट, रेअरला १००, एपिकला ४००, लेजेंडरीला १६००. आणि नको असलेला पत्ता मोडला तर कॉमनचे ५ मिळतात, रेअरचे २०, एपिकचे १००, लेजेंडरीचे ४००. म्हणजे लेजेंडरी आणि एपिक मोडले तर चौथा हिस्सा परत, रेअरमध्ये पाचवा, आणि कॉमनमध्ये तर आठवा. हा भाव बघितला की हिशेबाच्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. समजा त्याच्या मजेच्या डेकला दोन लेजेंडरी, चार एपिक, सहा रेअर आणि सहा कॉमन बनवावे लागणार आहेत, बाकीचे त्याच्याकडे आहेत. ३२०० अधिक १६०० अधिक ६०० अधिक २४०, झाले ५६४०. कंटाळा आला आणि सगळं मोडलं तर हातात येणार १३५०. जवळजवळ ४३०० हवेत विरले. आणि डस्ट फुकट मिळते असं समजू नका, गेममधल्या १०० सोन्याला एक पॅक येतो, आणि नशीब अगदीच वाईट असेल तर चार कॉमन नि एक रेअर निघतात, ते मोडले की ४० डस्ट. रोज थोडं थोडं खेळून सोनं जमवणाऱ्या मुलाला ते ४३०० परत उभे करायला किती दिवस लागतील ते तुम्हीच बघा. म्हणून तो आठवडाभर विचार करतोय, आणि विचार करतोय हे चांगलंच आहे, आमच्या बाजारात याहून मोठे सौदे चहाच्या एका कटात होतात.

आता मुख्य गोष्ट, कमजोर डेक बनवायचाच कशाला.

पहिलं म्हणजे कमजोर डेक घेऊन माणूस हरतच राहतो ही समजूत बरोबर नाही. गेम तुम्हाला कोणाशीही भिडवत नाही, तुमच्या बरोबरीचा बघून भिडवतो. लॅडरवर, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांत, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड असे गट आहेत, प्रत्येकात दहा पायऱ्या, आणि सगळ्यात वर लेजेंड. भारी डेक घेऊन जो डायमंडला पोचला असता तो मजेच्या डेकने गोल्डला अडकेल, पण गोल्डमध्ये समोरचेही गोल्डचेच असतात ना, त्यामुळे तिथे तो जवळपास अर्धे सामने जिंकतोच. शिवाय दहाव्या आणि पाचव्या पायरीवर एकदा पाय टेकला की त्या महिन्यात त्याखाली घसरायचं नाही असाही नियम आहे, म्हणजे तिथे उभं राहून वाट्टेल तो प्रयोग करा, खाली कोणी ढकलत नाही. मग कमजोर डेकची किंमत काय पडली तर पायरी. महिन्याच्या शेवटी लेजेंडचा बिल्ला पाहिजे असेल तर हा सौदा महाग आहे, आणि नसेल पाहिजे तर ती किंमत तुम्ही भरलीच नाही. मुलाला विचारा की तुला पायरी हवी का. दोन्ही उत्तरं चालतील, पण कुठलं तरी एक हवं, कारण बरीच पोरं म्हणतात मला काही फरक पडत नाही आणि तीन सामने हरले की फोन सोफ्यावर आपटतात.

दुसरं, आणि खरं म्हणाल तर मला हेच सांगायचंय. मजेच्या डेकमध्ये बघायचं ते हे की त्यातली मजा घडते का. जिंकतो किती हे नंतर. आता एक जुना पत्ता आहे, मेजरडोमो एक्झिक्युटस नावाचा, लेजेंडरी, नऊ मानाचा. तो टेबलावर उतरून मेला की तुमचा हिरो, म्हणजे तुमच्या वतीनं लढणारं पात्रच, बदलतो, तुम्ही स्वतः रॅग्नारोस होता, आगीचा देव, आणि मग दर टर्नला दोन माना टाकून समोरच्या कोणावरही आठचा गोळा सोडता, कोणावर पडेल ते नक्की नाही. ऐकायला किती भारी ना. पण त्यात मेख अशी की रॅग्नारोस झाल्यावर तुमचे प्राण फक्त ८ उरतात, आधी पंचवीस असले तरी आठच. त्यामुळे हा पत्ता कमजोर म्हणून जगात प्रसिद्ध आहे आणि त्याच्यावर जीव टाकणारेही जगात सगळीकडे आहेत.

आता हा बनवायचा का. नऊ माना म्हणजे नववा टर्न, त्यानंतर तो मरायला पाहिजे, म्हणजे दहावा धरा. आणि लॅडरवर जे घाईचे डेक असतात ते चांगले चालले तर पाचव्या-सहाव्या टर्नला तुम्हाला संपवून पुढच्या गिऱ्हाईकाकडे गेलेले असतात. मग होतं काय, तुम्ही १६०० डस्ट घालून आणलेला पत्ता हातात घेऊन मरता, सामन्यामागून सामना, आणि रॅग्नारोस काही होत नाही. हार ही अडचण नाही हो, रॅग्नारोस होऊन हरलात तरी तो सामना चार जणांना सांगता येतो. हातात पत्ता धरून सहाव्या टर्नला गेलात त्यात सांगायला काय आहे.

म्हणून दहापैकी किती सामने जिंकतो यापेक्षा दहापैकी किती सामन्यांत तो पत्ता टेबलावर येतो हे मोजायचं. आणि गंमत म्हणजे हे मोजायला डस्ट लागत नाही. त्या लेजेंडरीच्या जागी आपल्याकडे असलेला नऊ मानाचा कुठलाही फालतू पत्ता ठेवायचा, बाकी डेक जमेल तसा लावायचा आणि कॅज्युअलमध्ये, म्हणजे पायरी पणाला न लागणाऱ्या सामन्यांत, खेळायचं. तो पत्ता हातात आला, नववा टर्न आला, आणि मी जिवंत होतो, असं किती वेळा झालं ते वहीत टिपायचं, वही तर त्याच्याकडे आहेच. निम्म्या सामन्यांत जमत असेल तर बिनधास्त बनव. क्वचितच जमत असेल तर तो डेक मजेचा नाहीच, त्याची फक्त कल्पना मजेची आहे, आणि कल्पनेसाठी १६०० घालायची गरज नाही, यूट्यूबवर कोणीतरी करून ठेवलेलं असतंच.

यावरून आठवलं, आमच्या दुकानात एक पोरगा आहे, बिलिंगला, तोही खेळतो. मागे विचारत होता, काका, एक डेक बघितला, अख्खा जोड हातात ओढून घ्यायचा आणि एका टर्नला सगळं एकदम फोडायचं, बनवू का. मी म्हटलं भिया, ते फुटल्यावर परत बघायला आवडेल का तुला. तो म्हणाला म्हणजे? म्हटलं दर वेळी तसंच फुटणार ना ते, तेच पत्ते, त्याच क्रमाने. थोडा विचार करून म्हणाला नाही, एकदाच बघायचंय. झालं मग, व्हिडिओ बघून घे. त्याउलट काही डेक असे असतात की दर वेळी काहीतरी वेगळंच निघतं, स्वतःलाही माहीत नसतं, ते जास्त दिवस पुरतात. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, यावर माझ्याशी भांडणारे खूप आहेत, त्यांना त्या एका टर्नच्या स्फोटाची जुळवाजुळवच आवडते, आणि त्यांचंही खरं असेल.

वेगळंच काहीतरी निघण्याचा राजा म्हणजे योग-सरॉन. २०१६ च्या एप्रिलमध्ये आला, दहा मानाचा लेजेंडरी. तुम्ही त्या सामन्यात जितके स्पेल, म्हणजे मंत्राचे पत्ते, खेळले असतील तितके नवे स्पेल तो मनानेच फेकतो, कुठले ते नशीब, कोणावर तेही नशीब, तुमचाच हिरो मरेल असंही होऊ शकतं. आला तेव्हा बहुतेकांनी त्याला हसण्यावारी नेलं होतं, गमतीचा पत्ता, बनवू नका, डस्ट वाया जाईल. आणि बघता बघता तो मोठमोठ्या स्पर्धांत दिसायला लागला, कारण हरत आलेला सामना एका झटक्यात उलटवायची त्याच्यात ताकद होती, इतकी की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीला तो मुद्दाम कमजोर करावा लागला. फेकता फेकता तो स्वतःच मेला की पुढचे स्पेल थांबायचे, असा बदल केला. आणि कंपनी एखादा पत्ता असा कमजोर करते, ज्याला पोरं नर्फ म्हणतात, तेव्हा काही दिवस तो मोडला तर पूर्ण डस्ट परत मिळते, चौथा हिस्सा नाही, पूर्ण १६००. म्हणजे ज्यांनी गंमत म्हणून बनवला होता त्यांनी कित्येक महिने मजा केली आणि वर मुद्दलही परत मिळालं. असं दर वेळी होत नाही, त्या भरवशावर कोणी डस्ट उडवू नये, पण नवा पत्ता येऊन आठवडाही झाला नाही आणि लोक तो कमजोर आहे म्हणतायत, तर त्या मताची किंमत तेवढीच धरावी.

ताई विचारतील की कंपनी असे कमजोर पत्ते बनवतेच कशाला. तर हे चुकून होत नाही. या सगळ्या गेमचा आजोबा म्हणजे मॅजिक द गॅदरिंग, १९९३ चा, कागदी पत्त्यांचा, आणि तो काढणारा रिचर्ड गारफिल्ड हा गणितात पीएचडी केलेला माणूस. त्याच गेमच्या मार्क रोझवॉटर या डिझायनरनं पुढे लिहून ठेवलं की खेळणारे तीन तऱ्हेचे असतात आणि तिघांना त्यानं नावंही दिली. टिमीला काहीतरी भव्य घडलेलं बघायचंय. जॉनीला आपलं डोकं दाखवायचंय, कोणाच्या ध्यानीमनी नसलेली जोडी जमवून. स्पाईकला जिंकायचंय. पत्ते तिघांसाठीही बनवले जातात. मेजरडोमो हा टिमी आणि जॉनीचा पत्ता आहे, स्पाईकनं त्याला हात लावावा अशी बनवणाऱ्याचीही अपेक्षा नसावी असं मला वाटतं. ताई, तुमच्या पत्रात मुलगा घाईचे डेक कंटाळवाणे आहेत म्हणतो असं एक वाक्य होतं, त्यावरून तो मला जॉनी वाटतो, आणि जॉनीला स्पाईकचा डेक बनवून दिला तर तो आठ दिवसांत गेम उघडायचा बंद होईल. आई म्हणून तुम्हाला ते चाललं असतं हे मला समजतं, पण मग डस्ट पूर्णच वाया गेली की.

इंदूरच्या माणसाला तर हे समजावून सांगावंच लागू नये. सय्यद मुश्ताक अली आमच्याच गावचे, होळकर टीमचे, देशाच्या टी-ट्वेंटी ट्रॉफीला आज त्यांचं नाव आहे. फास्ट बोलरलाही क्रीज सोडून पुढे येऊन मारायचे, कोचिंगच्या पुस्तकात जे करू नका म्हणतात ते सगळं. १९३६ मध्ये मँचेस्टरला दुसऱ्या डावात ते आणि विजय मर्चंट सलामीला आले, २०३ ची भागीदारी झाली. मर्चंट म्हणजे अगदी शास्त्रशुद्ध बॅटिंग, त्यांचे ११४, मुश्ताक अलींचे ११२. दोन धावांचा फरक. आता मुश्ताक अली काही कमजोर नव्हते, त्यामुळे ही तुलना थोडी लंगडी आहे हे मला कळतं, आणि कसोटीतली पुढची सरासरी बघितली तर मर्चंट कितीतरी पुढे आहेत हेही कळतं. पण आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक होळकरांच्या टीमबद्दल बोलायला लागले की सरासरी कोणी काढायचं नाही, तो क्रीज सोडून पुढे यायचा तेच निघायचं.

असो, क्रिकेटमध्ये गेलो की मी भरकटतो.

परत पैशांकडे, म्हणजे डस्टकडे. दोन-तीन गोष्टी मुलानं बघितल्यात का ते विचारा. एक म्हणजे तो पत्ता स्टँडर्डचा आहे की वाइल्डचा. २०१६ पासून या गेमचे असे दोन भाग केलेले आहेत. स्टँडर्डमध्ये फक्त अलीकडचे पत्ते चालतात, दर वर्षी वसंतात नवं वर्ष सुरू झालं की जुन्यांतले काही बाहेर जातात, त्याला रोटेशन म्हणतात, आणि वाइल्डमध्ये सगळे जुने-नवे कायमचे चालतात. स्पर्धेच्या डेकला रोटेशन लागलं की तो मेलाच समजा, कारण वाइल्डमध्ये त्याहून भयंकर डेक असतात. मजेच्या डेकचं तसं नाही, तो आधीच हरत होता, तो वाइल्डमध्येही आनंदाने हरू शकतो. म्हणजे टिकाऊपणा बघितला तर इथे कमजोर डेक चक्क पुढे आहे. फक्त घाईच्या डेकचा प्रश्न वाइल्डमध्ये जास्त आहे, नववा टर्न तिथे अजून दूर, म्हणून वर सांगितलेली मोजणी ज्या भागात खेळायचंय त्याच भागात करावी.

दुसरं, त्या ५६४० पैकी किती डस्ट अशा पत्त्यांवर जातेय जे दुसऱ्या डेकमध्येही लागतील. समजा चार एपिकपैकी दोन कुठल्याही हिरोला चालणारे आहेत तर ते ८०० मी मजेच्या खात्यात धरणारच नाही, ते तसेही कधीतरी बनवावे लागले असते. पण पत्ता जर फक्त याच एका गमतीला लागत असेल तर त्याचा पूर्ण भार या डेकवर टाकायचा. अशी वजाबाकी केली की पुष्कळदा डेक वाटतो तेवढा महाग निघत नाही, आणि कधी कधी उलटंही होतं, दोन्ही लेजेंडरी दुसरीकडे कुठेच न चालणारे निघतात, मग एक बनवून दुसऱ्याशिवाय चालतंय का ते आधी बघावं. लेजेंडरी नेहमी शेवटी बनवायचा, कॉमन-रेअर आधी, कारण तिथपर्यंत पोचता पोचताच बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो आणि १६०० वाचतात.

तिसरं म्हणजे हा डेक मोडायचा नाही हे आधीच ठरवायचं. हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात कमी बोलला जातो. मजेचा डेक बनवला, पंधरा दिवसांनी मन उडालं, मोडला, दुसरा बनवला, तोही मोडला, असं करणारी पोरं दर वेळी तीन चतुर्थांश डस्ट घालवतात आणि मग म्हणतात कंपनी लुटते. बनवलाच आहे तर राहू दे. चार महिन्यांनी एखाद्या पावसाळ्या रात्री परत काढावासा वाटेल, तेव्हा तो असला पाहिजे. आणि जिंकणारा डेक काय हो, जो आज जिंकतोय तो पुढचा सेट, म्हणजे नव्या पत्त्यांचा संच, आला की शिळा होतो, तेव्हा त्याच्यावर घातलेले ५-६ हजारही गेलेच की. लोक त्याला नुकसान म्हणत नाहीत कारण दोन महिने पायऱ्या चढायला मिळाल्या. मग इकडे गंमत मिळाली तर तेच नुकसान का म्हणायचं, हे मला हिशेबाचा माणूस असूनही जमाखर्चात बसवता येत नाही.

एका बाबतीत मात्र ताईंच्या बाजूने आहे, ती म्हणजे ज्याच्याकडे एकही धड डेक नाही त्यानं पहिली डस्ट गमतीवर घालू नये. एक तरी साधा, स्वस्त, बऱ्यापैकी जिंकणारा डेक हाताशी असावा, कारण रोजची कामं पुरी करून सोनं मिळवायचं असतं आणि त्यातल्या काही कामांना सामने जिंकावे लागतात, तिथे रॅग्नारोसची वाट बघत बसलं तर रात्रीचे बारा वाजतात आणि मग आई ओरडते ते बरोबरच आहे. कॉमन आणि रेअरच्या जोरावर असा डेक बनतो, हजारभर डस्टही लागत नाही बऱ्याचदा. तो असेल त्याच्याकडे, तर पुढची साठवण त्यानं कुठे घालायची ते त्याच्यावर सोडा.

संपादक साहेब, तुम्हाला एवढीच विनंती की अशी पत्रं छापताना पैसे लावायचे ॲप आणि असे गेम एकाच मथळ्याखाली टाकू नका. ज्या घरात खरोखर रमीच्या ॲपनं वाट लावलीय त्या घरातली बाई तो मथळा वाचते तेव्हा तिला वाटतं सगळंच एक, आणि ज्या घरात पोरगं नुसतं वही घेऊन बसलंय तिथेही तेच वाटतं, आणि दोघींनाही त्याचा उपयोग होत नाही.

आणि ताई, आज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून विचारा की पत्ता कुठला आहे, किती मानाचा आहे, आणि कॅज्युअलमध्ये बदली पत्ता ठेवून खेळून बघितलंस का. नाही म्हणाला तर म्हणावं आधी ते कर, डस्ट कुठे पळून जात नाही. हो म्हणाला आणि वहीत टिपलेलं दाखवलं, तर त्यानं ठरवलंय तेच होऊ द्या.

आपला नम्र,
एक वाचक
रामबाग, इंदूर